माकडखाऊंची वगळयादी

लुसांगू खाणीच्या दोन नंबर शाफ्टवर त्या सोमवारी दुपारी पावणेदोनच्या सुमाराला दिवाखोलीतलं रजिस्टर पुन्हा थिजलं. ते सांभाळणाऱ्या बाईने, चिलुफ्याने, कपाळावर हात मारला नाही, कारण दोन्ही हात कीबोर्डवर होते.

रजिस्टर म्हणजे वही नव्हे. खाणीत उतरताना प्रत्येक माणूस दिवाखोलीच्या खिडकीतून टोपीचा दिवा घेतो, तिथल्या यंत्राला आपलं कार्ड टेकवतो, आणि पडद्यावर त्याचं नाव ‘खाली’ या रकान्यात येतं. वर आला की पुन्हा कार्ड टेकवतो, नाव जातं. पडद्याच्या माथ्यावर हाताएवढा मोठा आकडा असतो: आत्ता खाली किती माणसं आहेत. सकाळची पाळी एक ते दोनच्या दरम्यान वर येते, आणि अडीच वाजता खाली सुरुंग उडवतात. आकडा शून्य झाल्याशिवाय सुरुंगाची कळ दाबायची नाही, हा नियम. त्या सोमवारी आकडा तीनशे अकरावर बसला तो बसलाच. पाच खिडक्यांसमोर पाच रांगा. माणसं ओली, चिखलाने माखलेली, भुकेने पिसाळलेली.

“बाना म्वांगो,” रांगेतून म्वेवा ओरडला, “तुझं पोर झोपलं काय गं?”

“झोपू दे की. रात्रभर दारूच्या गुत्त्यात नव्हतं ते, तुमच्यासारखं.”

रांग हसली. म्वांगो हे चिलुफ्याच्या थोरल्या मुलीचं नाव, त्यामुळे सगळी खाण तिला म्वांगोची आई, बाना म्वांगो म्हणायची. पण ‘तुझं पोर’ म्हटलं की कोणी म्वांगोबद्दल बोलत नसे, रजिस्टरबद्दलच बोलत. आठ वर्षांपूर्वी तिनेच ते लिहिलं होतं. तेव्हा ती दिवाखोलीत दिवे पुसणारी, मोजणारी कारकून होती. दोन उसन्या पुस्तकांवर आणि एका जुन्या संगणकावर दोन वर्षं धडपडून तिने ते उभं केलं. शाळा दहावीची. इंजिनियर लोक अजून विचारायचे की मूळ प्रोग्राम कुठल्या कंपनीचा.

बारा मिनिटांनी आकडा भानावर आला आणि धाडधाड उतरला. पण कप्तान काबासो तोवर दारात येऊन उभा राहिला होता. साठीला टेकलेला, कधी आवाज न चढवणारा, आणि म्हणूनच ज्याची सगळ्यांना धास्ती असा माणूस. खाली काय करायचं, काय नाही, याचा शेवटचा शब्द त्याचा.

“तिसरा आठवडा,” तो म्हणाला.

“हो, बा काबासो,” ती अदबीने म्हणाली.

“मी तीनशे माणसांना पडद्याकडे बघत उभं करतो, आणि पडदा माझ्याकडे बघत बसतो. शुक्रवारपर्यंत बघ. शुक्रवारी पाळी वर येताना हे अडकलं, तर सोमवारपासून पितळी बिल्ले.”

तो गेला.

पितळी बिल्ले ही जुनी रीत. खाली जाताना आपला नंबर कोरलेला बिल्ला खिळ्यावरून काढायचा, वर आल्यावर परत टांगायचा. दिसायला काय छान. पण खाणीत माणसं एकमेकांवर जीव टाकतात, आणि घात झाला तो त्या जिवापायीच. ‘तू हळूहळू ये रे, तुझा बिल्ला मी टांगतो,’ असं म्हणून मित्र मित्राचा बिल्ला टांगायचे. चिलुफ्याच्या नवऱ्याचाही असाच एकाने टांगला होता, प्रेमाने. नवरा पाय मुरगळून खालीच बसला होता. फळीवर सगळे बिल्ले आले, सुरुंग उडाला. नवरा वाचला, डावा कान गेला. तेव्हापासून जेवताना, झोपताना, चर्चमध्ये, ती त्याच्या उजव्या बाजूलाच असते. आणि कार्ड माणसाशिवाय टेकलं जाऊ नये म्हणून खिडकीवर कार्डाबरोबर चेहराही दाखवावा लागतो, ही तिची अट तिने व्यवस्थापकांशी भांडून मान्य करून घेतली होती.

मंगळवारी तिने तारा तपासल्या. डिस्क तपासली. आपणच लिहिलेल्या ओळी पहिल्यापासून वाचल्या, एखादी आई मुलाच्या डोक्यात उवा शोधते तशा. काही सापडलं नाही. बुधवारी दुपारी ती चहाचा थर्मास घेऊन सर्व्हरच्या खोलीतच जाऊन बसली. पाऊण वाजता सगळं सुरळीत. दीडला सर्व्हरचे पंखे घरघरायला लागले. कुठला प्रोग्राम किती काम करतोय याची यादी तिने उघडली. सगळ्यात वर तिचं रजिस्टर नव्हतंच. सगळ्यात वर अँटिव्हायरस होता, आणि त्याचा हात तिच्या डेटाच्या फाइलीत कोपरापर्यंत गेलेला होता.

अँटिव्हायरस वाईट नसतो. दारावरचा पहारेकरी असतो तो, जाणाऱ्या-येणाऱ्याची पिशवी उघडून बघतो. पण रजिस्टरच्या फाइलीत पाळी सुटताना दर सेकंदाला काहीतरी लिहिलं जातं, आणि हा दर वेळी फाइल हातात घेऊन, उलटीपालटी करून, हुंगून परत देणार. चुलीवर मक्याच्या पिठाची न्शिमा घोटत असताना दर ढवळण्याला कोणी पातेलं खाली उतरवून बघितलं, तर घरातली माणसं उपाशीच राहायची. म्हणून तर प्रत्येक कंपनीत एक वगळयादी असते: या या वस्तूंना पहारेकऱ्याने हात लावायचा नाही. दोन नंबर शाफ्टचं रजिस्टर आठ वर्षं त्या यादीत होतं.

मग ते काढलं कोणी?

आणि मग तिची नजर भिंतीवर गेली. तिथे तिनेच एक कागद डकवला होता. तीन आठवड्यांपूर्वी आलेली मेल. सगळ्या दिवाखोलीने ती वाचून पोट धरून हसून घेतलं होतं.

‘माकडखाऊंनो! पहिल्या तारखेपासून तुमचे सगळे लाड बंद. तुमच्या प्रत्येक पातेल्यात मी हात घालून बघणार. ज्याला आपलं पातेलं वाचवायचं असेल त्याने यादी पाठवावी, नाहीतर रडत बसावं. – लाझारस जेरे, मुख्य कार्यालय, किट्वे.’

चिलुफ्याने तो कागद दुसऱ्यांदा वाचला. तिसऱ्यांदा वाचला. मग खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली, “अगं बाई. हे तर खरंच होतं.”

लाझारस जेरे न्गोनी होता आणि चिलुफ्या बेंबा. या दोन जमाती कधीकाळी एकमेकांशी जीव खाऊन लढल्या. मग दमल्या, आणि मेहुणे झाल्या. म्हणजे अख्खी जमातच मेहुणी. तेव्हापासून न्गोनी माणसाने बेंबाला माकडखाऊ म्हणायचं, बेंबाने न्गोनीला उंदीरखाऊ, आणि रागवायचं कोणीच नाही. राग आला तर तो राग येणाऱ्याचा गुन्हा. मयताला तर मेहुण्यांशिवाय चालतच नाही: सगळे रडत असताना ते येऊन फावडं लपवतात, खड्ड्यात आडवे होतात, ‘आधी पैसे टाका, मग उठतो’ म्हणतात, आणि रडणाऱ्यांच्या तोंडून अवचित हसू निसटतं. जेरे मुख्य कार्यालयात साऱ्या खाणीच्या संगणकांचा पहारा बघायचा. गेल्या नऊ वर्षांत त्या दोघांनी एकमेकांना एकही सरळ वाक्य लिहिलं नव्हतं.

तिने फोन लावला.

“हॅलो, माकड पुरवठा विभाग का?” पलीकडून जेरे.

“जेरे, नीट ऐक. तुझ्या अँटिव्हायरसमुळे माझं रजिस्टर अडकतंय.”

“काय सांगतेस! म्हणजे शेवटी जिंकलो आम्ही.”

“मी थट्टा करत नाहीये रे.”

“बेंबा बाई ‘थट्टा करत नाहीये’ म्हणाली की खिसे सांभाळावेत. माझ्या मामाच्या मयताला तू फावडं पळवलंस तेव्हा हेच म्हणाली होतीस. ‘थट्टा करत नाहीये, फावडं खरंच चोरीला गेलं.’ तासभर शोधत होतो आम्ही.”

हे खरं होतं.

“शाफ्ट बंद पडेल, जेरे!”

“पडू दे, तेवढीच माकडं वाचतील,” तो खदखदून हसला. कोणीतरी त्याला बैठकीला बोलावलं आणि फोन बंद झाला. तिने मेल लिहिली, अगदी साधी, चार ओळींची. उत्तरात शेपटी वर केलेल्या माकडाचं चित्र आलं.

संध्याकाळी ती घरी नवऱ्याच्या उजव्या बाजूला बसून वाळक्या माशांच्या कालवणाशी न्शिमाचे घास नुसतेच वळत राहिली, तोंडात एक जाईना. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तू त्याच्याशी मेहुणीसारखी बोलतेस. म्हणून तो ऐकत नाही.”

“मग कोणासारखी बोलू?”

“परक्यासारखी. घाबरेल बघ.”

गुरुवारी सकाळी आठला तिने फोन लावला आणि पलीकडून काही ऐकू यायच्या आतच म्हणाली, “सुप्रभात. मिस्टर लाझारस जेरे बोलत आहेत का?”

पलीकडे खुर्ची करकरली. मग अगदी बारीक आवाजात, “...कोण वारलं?”

“कोणी नाही.”

“नवरा बरा आहे ना? मुली? चिलुफ्या, सरळ सांग, मी बसलोय खुर्चीत.”

“सगळे बरे आहेत. रजिस्टर मरतंय. उद्या अडकलं तर सोमवारपासून बिल्ले. तुझी ती पातेल्याची मेल मी भिंतीवर लावली, जेरे. मला वाटलं, नेहमीसारखीच.”

कागद चाळल्याचा, मग कळा बडवल्याचा आवाज आला. “तुझं उत्तर आहे माझ्याकडे,” तो म्हणाला. “वाचू? ‘उंदीरखाऊ महाराज, आमची वगळयादी पुढीलप्रमाणे: माझी चूल, माझी सासू, आणि आमचं पाळलेलं माकड, कारण ते चावतं. बाकी सगळं खुशाल चाटून बघा.’”

“ती थट्टा होती.”

“मला काय माहीत! म्हणजे, थट्टा आहे हे माहीत होतं. पण ‘बाकी सगळं बघा’ असं लिहिलं होतंस. मी म्हटलं, बाई हुशार आहे, खरंच काही लागत असतं तर त्यातच कुठेतरी घातलं असतं. जुनी नोंद पुसून टाकली.” तो थांबला. “आणि रोजची मोठी झडती मी दीडला लावलीय. जेवणाच्या सुट्टीत संगणक रिकामे असतात म्हणून.”

“तुमची जेवणाची सुट्टी. आमची पाळी वर यायची वेळ.”

“अरेरे,” मिस्टर जेरे म्हणाले, आणि त्यात थट्टेचा लवलेश नव्हता.

“आता असं कर,” चिलुफ्या घाईने म्हणाली, “माझी अख्खी डी डिस्क वगळून टाक आणि विषय संपव.”

“नाही.”

“जेरे!”

“नाही म्हणजे नाही. जुन्या यादीत तेच तर होतं. सगळ्या शाफ्टवर अख्ख्या डिस्का वगळलेल्या. चार नंबरवर एका ठेकेदाराच्या पेनड्राइव्हमधून कीड आली आणि अशाच एका वगळलेल्या डिस्कवर अकरा दिवस पाय पसरून बसली, पहारेकरी तिच्यावरून शिट्टी वाजवत जात होता. पाहुण्याला आत घ्यायचं म्हणून कोणी भिंत पाडत नाही, बाई. दार दाखव मला. कुठली वस्तू, कुठे, आणि का. मी येतो.”

तो अकराला पिकअपमधून आला. लठ्ठ, टक्कल पडलेला, हातात भज्यांसारख्या तळलेल्या गोड गोळ्यांची पिशवी. दिवाखोलीतल्या बायकांनी त्याचं स्वागत ‘मांजरं आत घ्या गं, उंदरांचा मालक आला,’ असं केलं. पण तो चिलुफ्याशेजारी बसला तेव्हा दोघांचेही चेहरे परीक्षेला बसल्यासारखे होते. तिने कागद घेतला.

“मुख्य डेटाची फाइल,” ती म्हणाली.

“का?”

“सेकंदाला लिहिली जाते. बाहेरचं कोणी तिला हात लावत नाही, फक्त डेटाबेस.”

“मंजूर. तीच एक फाइल. फोल्डर नाही.”

“तिच्या शेजारची घडामोडींची फाइल. आधी तिथे लिहिलं जातं, मग मुख्य फाइलीत.”

“मंजूर.”

“डेटाबेसचा प्रोग्राम स्वतः. तो जे उघडेल ते तपासू नको.”

जेरेने डोकं खाजवलं. “तो याच जागेवरचा असेल, तरच. त्याच नावाचा दुसरा कुठून आला तर पकडणार.”

“हे बरं सुचलं तुला.”

“उंदीर खाल्ल्याने बुद्धी वाढते. पुढे?”

“अहवालांचं फोल्डर,” ती म्हणाली, आणि स्वतःच खोडून टाकलं. “नको. तिथे कारकून पेनड्राइव्ह लावतात. ते तू बघच. उलट दोनदा बघ.”

जेरे तिच्याकडे बघत राहिला. “लोक माझ्याकडे सूट मागायला येतात,” तो म्हणाला, “परत करायला कोणी आलं नव्हतं.”

तेव्हाच दोघांनी एक ठराव केला: यापुढे प्रत्येक पत्रात आधी काम, मग एक आडवी रेघ, आणि शिव्या रेघेखाली. जेरेने मोठ्या झडतीची वेळ रविवार पहाटेवर ढकलली, किट्वेहून साहेबाची मंजुरी फोनवर मिळवली, आणि दीडच्या आत नवी यादी सर्व्हरवर पोचली. तिने रजिस्टर लिहीत असलेल्या ओळी पडद्यावर उघडून ठेवल्या होत्या. त्या पळताना तो बराच वेळ बघत बसला.

“हे सगळं तू एकटीने?”

“नाही, माकडांनी हात लावला.”

पाळी वर आली. चारशे, साडेतीनशे, तीनशे. सर्व्हर गार. आणि दोनशे सत्तरवर आकडा अडखळला. पुढे सरकला, पुन्हा अडखळला. पूर्ण थिजला नाही, पण लंगडत होता. दोनदा तीन-तीन मिनिटं रांग उभी राहिली. कप्तान काबासो दारात येऊन उभा राहिला, घड्याळाकडे बघून निघून गेला.

“सर्व्हर ठीक आहे,” जेरे पुटपुटत होता, “सर्व्हर अगदी ठीक आहे...”

चिलुफ्या उठून तीन नंबरच्या खिडकीमागे गेली. तिथल्या संगणकाचा पंखा घरघरत होता. ती तिथूनच ओरडली, “जेरे! खिडक्यांवरचे संगणक कुठल्या यादीत आहेत?”

जेरेने डोळे मिटले. “ते सर्व्हर नाहीत. ते कारकुनांच्या टेबलांवरच्या संगणकांच्या गटात आहेत. त्यांची यादी वेगळी.”

प्रत्येक खिडकीवरचा संगणक टेकवलेलं कार्ड आधी आपल्याजवळच्या एका छोट्या फोल्डरात ठेवतो आणि मग सर्व्हरकडे पाठवतो. मोठ्या दारावरचा पहारेकरी समजूतदार झाला होता. गल्लीतले पाच अजून प्रत्येक चिठ्ठी उघडून वाचत होते.

“उद्या शुक्रवार,” चिलुफ्या म्हणाली.

“उद्या सातला येतो,” जेरे म्हणाला.

आला तो पावणेसातलाच. पाच खिडक्यांसाठी त्याने वेगळा गट केला, त्यात ते एकच फोल्डर आणि चिलुफ्याचा एक प्रोग्राम वगळला, बाकी कसलीच सूट नाही. मंजुरीची सही ज्याच्याकडे होती तो साहेब लग्नाला निघालेला, जेरेने त्याला रस्त्यातल्या पेट्रोलपंपावर गाठलं. साडेदहाला यादी सुटली. एक, दोन, चार, पाच नंबरच्या खिडक्यांनी ती घेतली. तीन नंबरने घेतली नाही. बाराला घेतली नाही. साडेबाराला घेतली नाही. चिलुफ्याने तिची तार ओढून काढली, दहा मोजले, परत लावली, आणि तिला बेंबात असं काही सुनावलं की जेरेने कान झाकले. पाऊणला तीन नंबरनेही यादी घेतली.

एकला कप्तान आला. मागून दोन माणसांनी एक पेटी आणून बाकावर ठेवली. पितळी बिल्ले. सोबत खिळ्यांचा डबा आणि हातोडी.

“सोमवारची तयारी,” तो म्हणाला. दुष्टपणा नव्हता त्यात. त्याला खरंच वाटत होतं की खिळा कधी अडकत नाही.

पाळी वर यायला लागली. चारशे बारा. तीनशे नव्वद. तीनशे. आकडा लोण्यात सुरी जावी तसा उतरत होता. रांगा दिसेनातच, माणूस कार्ड टेकवतो, चेहरा दाखवतो, दिवा ठेवतो, बाहेर. म्वेवा म्हणाला, “अरे, आज पोर जेवून आलंय वाटतं!” दोनशे. शंभर. चाळीस. जेरे नखं कुरतडत होता. दोन वाजून चार मिनिटांनी आकडा एकवर आला.

आणि एकवरच राहिला.

दोन सात. दोन दहा. खिडक्यांसमोर कोणी नव्हतं. माणसांना खालून वर आणणारा पिंजरा शेवटचा वर येऊन रिकामा उभा होता.

“अडकलं,” कप्तान म्हणाला. आवाजात आनंद नव्हता, नुसताच थकवा.

चिलुफ्याने नाव बघितलं. साम्पा, पंपावर काम करणारा. “साम्पा वर आला का?”

“आला की,” म्वेवा म्हणाला. “माझ्याबरोबर पिंजऱ्यात होता. पिवळा कोट.”

“पिवळा कोट अर्ध्या खाणीचा आहे,” कोणीतरी म्हणालं.

“म्हणजे तो न टेकवताच घरी गेला असेल. नाहीतर हे पोर पुन्हा...” म्वेवाने वाक्य अर्धवट सोडलं, कारण चिलुफ्याने त्याच्याकडे बघितलं होतं.

तीन आठवडे ते रोज खोटं थांबलं होतं. आज खरं थांबलं, तर कोण मानणार होतं? क्षणभर तिलाही वाटलं, कदाचित अडकलंच असेल. मग तिने गळ्यातलं स्वतःचं कार्ड काढलं, तीन नंबरच्या, त्या हट्टी खिडकीशी गेली आणि यंत्राला टेकवलं. चेहरा दाखवला.

आकडा दोन झाला. डोळ्याचं पातं लवायच्या आत.

तिने पुन्हा टेकवलं. एक.

मग बाकीच्या चार खिडक्यांवरही. दोन, एक. दोन, एक. दोन, एक. दोन, एक. सगळी दिवाखोली आकड्याकडे बघत होती.

“हे जागं आहे, बा काबासो,” ती म्हणाली. “खाली माणूस आहे.”

कप्तानाने जेरेकडे बघितलं. “तू मुख्य कार्यालयाचा. तू सांग.”

जेरे पुढे झाला. इतक्या वर्षांत त्याचा असा आवाज तिने ऐकला नव्हता. “या घडीला माझा पहारेकरी रजिस्टरला हातही लावत नाहीये. सर्व्हरवर नाही, खिडक्यांवर नाही. बाना म्वांगो म्हणतात ते बरोबर आहे. मी लिहून सही करून देतो.”

“न्गोनी माणसाच्या सहीवर...” बेंबा कप्तानाच्या तोंडून सवयीने निघालं, आणि तिथेच थांबलं. दोन वाजून सोळा मिनिटं झाली होती. त्याने टेलिफोन उचलला. “सुरुंग थांबवा,” तो म्हणाला. “मी सांगेपर्यंत कोणी कळेला हात लावायचा नाही.” मग टोपी घातली आणि चार माणसं घेऊन, पाचही कार्डं टेकवून, स्वतः पिंजऱ्यात शिरला. साठीचा माणूस, जायची गरज नव्हती.

पाऊण तास कोणी घरी गेलं नाही. जेरेने आजही आणलेल्या गोड गोळ्यांची पिशवी हातोहात फिरली आणि तशीच भरलेली परत आली. म्वेवा भिंतीला टेकून ‘मी पाहिला होता त्याला, शपथ पाहिला होता’ असं स्वतःशीच म्हणत होता. चिलुफ्याने त्याला पाणी दिलं.

तीन वाजून दोन मिनिटांनी पिंजऱ्याची घंटा झाली. आधी चार माणसं, मग कप्तान, आणि कप्तानाच्या खांद्यावर रेललेला साम्पा. उजवा गाल पपईएवढा सुजलेला. त्याची दाढ दुखत होती. कोणीतरी दिलेली गोळी दोनदा घेतली, आणि जुन्या पंपाच्या खोलीत ‘पाच मिनिटं’ म्हणून आडवा झाला तो तिथेच गाढ झोपला. सुरुंगाची जागा तिथून चाळीस पावलांवर.

“झोपायला घर नाही का रे तुला?” कप्तान पहिल्यांदाच ओरडत होता. “बायको घेत नाही का घरात? गाढवा! बैला! मिठाच्या पाण्याने गुळण्या करायच्या सोडून...” ओरडता ओरडता तो त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता, आणि ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

त्या पाचांनी आपापली कार्डं टेकवली, मग साम्पाने खिडकीशी येऊन कार्ड टेकवलं. यंत्राने चेहरा ओळखायला नकार दिला. गाल सुजलेला ना. चिलुफ्याने हाताने त्याचं डोकं डाव्या बाजूला वळवलं. “इकडून बघ त्याला,” ती यंत्राला म्हणाली. यंत्राने बघितलं. शून्य.

म्वेवाने साम्पाला कवटाळलं आणि दोघे तसेच, चिखलासकट, दवाखान्याकडे गेले.

कप्तान बाकावर बसला. बरोबर आलेल्या माणसांनी पेटीकडे बोट करून ‘हे कुठे ठेवायचं’ असं विचारलं. “भांडारात,” तो म्हणाला, आणि पडद्याकडे बघत राहिला. शाबासकी त्याला कधी जमलीच नाही. बराच वेळ त्याने टोपीवरचा चिखल खरवडला.

“बाना म्वांगो,” शेवटी तो म्हणाला, “पाच खिडक्या कमी पडतात. त्या दारापाशी, कोपऱ्यात, सहावी बसेल का?”

चिलुफ्या उठली. कोपऱ्यात जाऊन तिने भिंत वितीने मोजली. साडेचार विती. “बसेल,” ती म्हणाली. “पण फळी कापावी लागेल.”

“मग काप.”

जेरेने आधीच कागद काढून लिहायला घेतलं होतं. ती वाकून वाचायला लागली. खिडकी क्रमांक सहा, कुठला गट, कुठलं फोल्डर, का. सगळं नीट, शिस्तीत, एकेक शब्द जागच्या जागी. मग त्याने एक आडवी रेघ मारली, आणि रेघेखाली लिहिता लिहिता तो एकटाच हसायला लागला.